एकच कर्मिट, तीन युनिक्स: कुंडईच्या प्रश्नाचं उत्तर

गोव्यातल्या कुंडईच्या तुमच्या वर्कशॉपमध्ये युनिक्स घराण्यातली तीन मशीन आहेत: जुनं, स्पार्क प्रोसेसरवरचं सोलारिस, एक फ्रीबीएसडी आणि नवा डेबियन लिनक्सचा पीसी. तिन्हींवरून सीएनसीला, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्राला, सीरियल केबलने प्रोग्राम पाठवायचे आहेत. त्यासाठीचा फाइली पाठवणारा प्रोग्राम सी-कर्मिट ९.० सोलारिसवर नीट कंपाइल होतो, डेबियनवर मात्र ‘फाइल’ स्ट्रक्चरमध्ये ‘_सीएनटी’ नाही म्हणून अडतो. तेव्हा तिन्हीकडे चालेल अशी एकच बिल्ड मिळेल का, हा तुमचा प्रश्न.

एकच बिल्ड नाही मिळणार. स्पार्कचा बायनरी इंटेलवर चालत नाही, आणि फ्रीबीएसडी-लिनक्सच्या लायब्ररीही वेगळ्या. सोर्स मात्र एकच पुरतो. १९८१ साली कोलंबिया विद्यापीठात सुरू झालेल्या कर्मिटच्या मेकफाइलमध्ये, म्हणजे कंपाइल कसं करायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, प्रत्येक युनिक्ससाठी सूचनांचा वेगळा गट, म्हणजे टार्गेट, आहे. सोलारिसला नेटवर्कसाठी सॉकेट आणि एनएसएल या लायब्ररी वेगळ्या जोडाव्या लागतात, लिनक्सला लागत नाहीत. असले फरक टार्गेटच सांभाळतं. म्हणून मेकफाइलला हात लावू नका, त्या त्या मशीनवर तिथलंच टार्गेट चालवा. सोलारिसवरचा फोल्डर तसाच्या तसा पेनड्राइव्हवरून आणला असेल तर आधी ‘मेक क्लीन’ करा, नाहीतर स्पार्कसाठी आधीच कंपाइल झालेल्या ऑब्जेक्ट फाइली लिंकरच्या गळ्यात अडकतील.

आता ती ‘_सीएनटी’ची भानगड. कीबोर्डवरून आलेलं काही वाचायचं राहिलंय का हे पाहायला कर्मिट थेट स्टँडर्ड इनपुटच्या बफरमध्ये डोकावतो. जुन्या युनिक्सवर तिथे ‘_सीएनटी’ असे, लिनक्सच्या सी लायब्ररीत, म्हणजे जीलिबसीमध्ये, दुसरी नावं आहेत. आपण जीलिबसीवर आहोत हे कर्मिट ‘_आयओ_फाइल_फ्लॅग्ज’ या मॅक्रोवरून ओळखायचा. २०१८ च्या जीलिबसी २.२८ पासून तो मॅक्रो हेडरमधून गेला, त्यामुळे बिचाऱ्याला वाटतं आपण जुन्याच युनिक्सवर आहोत. मेक चालवताना जादा पर्याय द्यायच्या ‘केफ्लॅग्ज’मध्ये हा मॅक्रो डिफाइन करून द्या, ही चूक जाते. सोर्स संपादित करायची गरज नाही.

कंपायलर जीसीसी १४ किंवा पुढचा असेल तर आणखी चुका येतील. आधी जाहीर न करता वापरलेल्या फंक्शनांबद्दल पूर्वी नुसती वॉर्निंग यायची, आता थेट एरर येते. कंपायलरकडे ‘जीएनयू८९’ हे सी भाषेचं जुनं स्टँडर्ड मागा. हा कोड त्याच काळातला आहे. तयार होणाऱ्या फाइलचं नाव ‘वर्मिट’ दिसेल, ते बरोबर आहे. चाचणी होईपर्यंत चालू असलेला ‘कर्मिट’ त्यामुळे सुरक्षित राहतो. ही सोय मला फार आवडते.

कंपाइल झालं की काम झालं असं समजू नका, माझ्या मते खरा त्रास पोर्टपाशी असतो. फ्रीबीएसडीवर ‘टीटीवाययू०’ हा पोर्ट उघडलात तर तो कॅरियर सिग्नलची, म्हणजे समोरचं टोक जोडलेलं असल्याच्या खुणेची, वाट बघत बसतो, आणि तीन तारांच्या सीएनसी केबलमध्ये तो सिग्नल कधीच येत नाही. त्याऐवजी ‘सीयूएयू०’ वापरा. डेबियनवर यूएसबी अडॅप्टर बहुधा ‘टीटीवाययूएसबी०’ असतो. परवानगीसाठी वापरकर्त्याला डेबियनवर ‘डायलआउट’ आणि फ्रीबीएसडीवर ‘डायलर’ ग्रुपमध्ये घाला. रूटने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याने, कर्मिट चालवायची सवय लावू नका.

पोर्ट वापरात असल्याचं दाखवणाऱ्या लॉक फाइलींचंही तसंच, प्रत्येक युनिक्सवर वेगळं. लिनक्सवर नाव पोर्टच्या नावावरून बनतं, सोलारिसवर डिव्हाइसच्या मेजर-मायनर क्रमांकांवरून. पोर्ट व्यस्त असल्याचं सांगत असेल आणि कोणीच वापरत नसेल, तर मध्येच वीज गेल्यावर राहिलेली फाइल शोधा.

कर्मिटमध्ये आधी पोर्ट निवडणारं ‘सेट लाइन’, मग वेग ठरवणारं ‘सेट स्पीड’. उलट केलंत तर स्पीड त्या पोर्टला लागत नाही. त्यानंतर ‘सेट कॅरियर-वॉच ऑफ’. पॅरिटी आणि फ्लो कंट्रोल सीएनसीच्या पॅरामीटरमधून बघूनच भरा, अंदाजाने नको. आणि एवढं करूनही अक्षरं तुटत असतील तर सोर्स उघडण्याआधी कनेक्टर उघडा, आपल्या पावसात त्याच्या पिना गंजायला वेळ लागत नाही.