गाडी आईच्या नावावर, लायसन्स दोघींकडेही नाही: विमा निघतो का?

ताई, बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमचा प्रश्न मी असा समजलो: बाबांना जाऊन दोन महिने झाले, वॅगन-आर अजून त्यांच्याच नावावर आहे, ती आईच्या नावावर करायची आहे आणि पॉलिसी पुढच्या महिन्यात संपते. लायसन्स तुमच्याकडे नाही, आईकडेही नाही. गाडी चुलतभाऊ चालवणार. आणि एजंट म्हणतो, "लायसन्सशिवाय इन्शुरन्स होतच नाही जी."

होतो. मी तेवीस वर्षं नागपूर, वर्धा, भंडाऱ्याच्या ठोकलेल्या गाड्यांचे सर्व्हे केले. मालकाला स्टिअरिंग धरता येत नाही अशा कितीतरी गाड्यांचे दावे या हातांनी पास केले आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ सांगतं की गाडी रस्त्यावर आणायची तर थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई देणारा विमा, पाहिजे. मालकाकडे लायसन्स हवं असं त्यात कुठेही नाही. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, नावावर करायलाही लायसन्स लागत नाही.

एजंटचा घोळ बहुतेक १५ लाखांच्या कव्हरवरून झाला असावा. पॉलिसीत मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा असतो, पण तो मालकाकडे वैध लायसन्स असेल तरच लागू होतो. आईकडे लायसन्स नाही, म्हणजे तो घ्यायची सक्ती नाही. फॉर्ममध्ये "मालकाकडे वैध लायसन्स नाही" हा पर्याय निवडा. उगाच तो प्रीमियम भरलात तर पैसे गेलेच समजा, कारण वेळ आली की कंपनी आधी आईचंच लायसन्स मागेल. त्याऐवजी सोबत बसणाऱ्यांचं अपघात कव्हर घ्या. उद्या पगारी ड्रायव्हर ठेवलात तर त्याच्या जबाबदारीचं कव्हर पन्नासेक रुपयांत मिळतं, तेही घ्या.

खरी मेख पुढे आहे. कंपनी मालकाचं लायसन्स पाहत नाही, पण अपघाताच्या क्षणी गाडी कोण चालवत होतं ते पाहते, आणि फार बारकाईने पाहते. चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स हवं असं सांगणारा 'ड्रायव्हर्स क्लॉज' नावाचा परिच्छेद पॉलिसीत असतो, तो एकदा वाचाच.

माझ्या सख्ख्या मेव्हण्याचंच सांगतो. वर्धा रोडवर डिव्हायडरला घासला, खर्च बासष्ट हजार. लायसन्स संपून एकोणीस दिवस झाले होते. पठ्ठ्याने चार दिवसांत नूतनीकरण करून घेतलं आणि निर्धास्त झाला. पण मुदत संपल्यावर पूर्वी मिळणारी तीस दिवसांची सवलत २०१९ च्या दुरुस्तीत काढून टाकली आहे, आणि उशिरा केलेलं नूतनीकरण त्या दिवसापासूनच धरतात, मागल्या तारखेपासून नाही. दावा नामंजूर. घरात मी सर्व्हेअर असून काही करता आलं नाही, आणि बायको ते अजून ऐकवते.

म्हणून चुलतभावाचं लायसन्स हातात घेऊन बघा. तारीख तर बघाच, पण वर्गही बघा. आपल्याकडे निम्मी पोरं गिअरवाल्या मोटारसायकलच्या लायसन्सवर बिनधास्त कार चालवतात. कारला एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स लागतं. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून खात्री करा आणि त्याचा फोटो जपून ठेवा. उद्या काही झालं तर "मालकाने तपासलं होतं" हे त्यावरूनच दाखवता येईल. विना लायसन्सवाल्याच्या हातून कोणाला लागलं, तर जखमी माणसाला कंपनी बहुधा पैसे देते (सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा स्वरण सिंग निकाल), पण मग मालकाकडून वसूल करते. मालक म्हणजे तुमची आई. शिवाय गाडी दिल्याबद्दल मालकाला ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. चालवणाऱ्याचं वेगळं.

तुम्हाला स्वतः शिकायचं असेल तर लर्निंग लायसन्स चालतं, मात्र 'एल' लावलेला पाहिजे आणि शेजारी लायसन्सवाला बसलेला पाहिजे. एकटीने कोपऱ्यापर्यंतही नाही.

गाडी उभी असताना नुकसान झालं तर मात्र लायसन्सचा प्रश्नच येत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा घरासमोर उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. त्या कोणी चालवतच नव्हतं, मग लायसन्स कोणाचं बघणार? चोरीचंही तसंच. फक्त हे कव्हर थर्ड पार्टीत नसतं, 'ओन डॅमेज', म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचं कव्हर घेतलेलं लागतं. आणि बुडालेल्या गाडीला चावी लावू नका, इंजिनात पाणी शिरलं असेल तर दावा तिथेच अडकतो.

आता तुमची घाई कशाची, ते सांगतो. बाबांची पॉलिसी त्यांच्या पश्चात तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवरच चालते. दोन महिने तर गेलेच. बाबांच्या नावाने ऑनलाइन रिन्यू करून मोकळ्या होऊ नका. हयात नसलेल्या माणसाच्या नावावरची पॉलिसी दाव्याच्या वेळी फार त्रास देते. मृत्यू दाखला घेऊन कंपनीला कळवा आणि आरटीओत गाडी वारसाच्या नावावर करण्याचा फॉर्म ३१ भरा, त्यालाही तीनच महिने आहेत. बाबांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, मात्र सोडू नका. गाडी पत्नीकडे वारशाने गेली तर तो तिला मिळतो. पाच वर्षं दावा नसेल तर ५० टक्के, म्हणजे ओन डॅमेजचा प्रीमियम अर्धा. एजंट हे आपणहून सांगत नाही.

निघण्याआधी नंबरप्लेट पाहा. एमएच ३१ असेल तर अमरावती रोडवरचं गिरीपेठचं ऑफिस, एमएच ४९ असेल तर पूर्व नागपूरचं. सकाळीच जा, आणि आईला सोबत न्या, सह्या त्यांच्याच लागतील.