काका म्हणजे शी?

चिऊ,

काल फोनवर तू बाळूकाकाला "हॅलो काका" म्हणालीस आणि शेजारी बसलेली तुझी मैत्रीण खो खो हसत सुटली. रात्री तू विचारलंस, "बाबा, मी त्याला जर्मनमध्ये काकाला म्हणतात तसं ओंकेल बाळू म्हटलं तर चालेल? इथे काका म्हणजे शी!" मी नुसतं "झोप आता" म्हणालो. उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगू, जरा लागलंही.

मैत्रीण काही खोटं बोलली नाही. जर्मन, स्पॅनिश, फिनिश पोरं शीला असंच काहीतरी म्हणतात. लॅटिनमध्ये तर क्रियापदच होतं, 'काकारे'. पण स्वीडनमध्ये काका मागितलास तर केक नाहीतर बिस्किट मिळेल, न्यूझीलंडच्या रानात काका नावाचा पोपट आहे, आणि स्वाहिलीत काका म्हणजे दादा. कोपऱ्यावरच्या अफगाण भाजीवाल्याला त्याचा पुतण्या काय हाक मारतो, ते ऐक एकदा. काकाच! 'का-का' बिनदाताच्या बाळालाही जमतं. मग ज्याने त्याने ते आपापल्या कामाला लावलं.

हसण्याचं म्हणशील तर आम्हीही कमी नव्हतो. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून. बाईंनी फळ्याकडे बोट दाखवून 'शी' म्हटलं, आणि अख्खा वर्ग बाकाखाली!

माझे नानाकाका तू फोटोतच पाहिलेस, टोपीवाले. आजोबा छडी घेऊन निघाले की मी "काका, मला वाचवा!" ओरडत त्यांच्या धोतरामागे लपायचो. ते पेपर बाजूला न करता एक हात मागे घालून मला धरून ठेवायचे. त्या हाताला तपकिरीचा वास यायचा. ही हाक नारायणराव पेशव्यांची म्हणतात, शनिवारवाड्यातली, १७७३ सालची, आणि त्यांच्या काकांनी काही त्यांना वाचवलं नाही, हे मला पुढे शाळेत कळलं. घरी येऊन नानाकाकांकडे जरा संशयाने पाहिल्याचं आठवतंय.

ओंकेल म्हटल्याने बाळूकाका काही दुरावणार नाही. उलट त्याला गंमतच वाटेल, गल्लीभर सांगत सुटेल. मलाच का खुपतंय, कोण जाणे. मीसुद्धा ऑफिसात स्वतःचं नाव यांच्या जिभेला वळेल तेवढं कापून सांगतोच की.

तेव्हा तू ठरव. रविवारी फोन आला की मी मात्र "चिऊ, काकाचा फोन!" असंच ओरडेन, ती सवय आता सुटायची नाही. मैत्रीण घरात असली तर जरा हळू.

– बाबा