कुंभाराच्या चाकावर केलेल्या मातीच्या प्लेटच्या तळाला चीर का जाते? आणि ट्रिमिंगच्या वेळी भोक का पडतं?

तुम्ही लिहिलंय की वाडगे नीट जमतात, पण प्लेट वाळताना तळाला इंग्रजी 'एस'सारखी चीर जाते, आणि जी वाचते तिला ट्रिमिंग करताना, म्हणजे अर्धवट वाळलेला तळ हत्याराने तासताना, मधोमध भोक पडतं. ही दोन्ही दुखणी मी बराच काळ सोसली आहेत. मूळ एकच असतं: आपलं सगळं लक्ष काठाकडे, तळाला कुणी वेळ देत नाही.

वाडग्याची भिंत उचलताना माती बोटांमध्ये आपोआप दाबली जाते. प्लेटचा तळ नुसताच पसरतो, आत सैल राहतो, आणि आकसताना तिथेच फाटतो. म्हणून पसरून झालं की आधी साचलेलं पाणी स्पंजने पूर्ण टिपून घ्या. मग रबरी रिबने (माती दाबून गुळगुळीत करायच्या चपट्या पट्टीने) मध्यापासून काठाकडे आणि काठाकडून परत मध्याकडे, असा तळ दाबत जा. मी हे पाच-सहा वेळा करते. कंटाळवाणं वाटतं, पण हे करायला लागल्यापासून माझ्या तळांना चीर जाणं जवळपास थांबलं.

25 सेंटीमीटरच्या प्लेटला मी साधारण दीड किलो माती घेते आणि बॅटवरच, म्हणजे चाकावर बसवायच्या सपाट फळीवरच, काम करते. ओली प्लेट हाताने उचलली की वाकते, आणि नंतर सरळ केली तरी भट्टीत तो वाक पुन्हा वर येतो. काठ शेवटपर्यंत उभट ठेवायचा आणि चाक अगदी हळू करून सगळ्यात शेवटी खाली झुकवायचा.

आता भोकाबद्दल. यात एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. प्लेट बॅटपासून सोडवायला रुंद तळाखालून तार ओढताना ती सैल असली तर मध्यावर वर चढते आणि तिथली माती कापून नेते. तळ मधोमध पातळ झालाय हे वरून दिसतच नाही! तार ताणून, दोन्ही अंगठ्यांनी बॅटला दाबून धरा, मगच ओढा.

काठ आधी वाळतो, म्हणून त्यावर प्लास्टिक गुंडाळून मध्य उघडा ठेवते. काठ स्वतःचं वजन पेलू लागला की वर दुसरी बॅट ठेवायची आणि दोन्ही एकदम उलटायच्या.

ट्रिमिंगला प्लेट पालथी घालताना मध्याखाली काठाच्या उंचीइतका स्पंज ठेवा. आधार नसला तर हत्याराच्या दाबाने तळ खाली जातो, आणि तुम्ही कापत राहता. सुई टोचून जाडी बघायला संकोचू नका, ते छिद्र बोटाने बुजतं. हत्यार धारदार हवं. बोथट हत्यार कापण्याऐवजी दाबतं. मधेमधे चाक थांबवून तळ बोटाने दाबून पाहते, किंचित लवला की तिथे हात आवरते. बैठकीची कडी, म्हणजे प्लेट ज्यावर टेकते ते तळाचं गोल कडं, जिथे तळ संपून काठ सुरू होतो त्याच्या खाली यायला हवी. प्लेट मोठी असेल तर आत आणखी एक छोटी कडी सोडा, नाहीतर भाजताना मध्य खाली बसतो.

चीर गेलेली प्लेट मात्र लिंपत बसू नका. भट्टीत ती पुन्हा उघडते. कच्ची आहे तोवर पाण्यात भिजत घाला, तीच माती पुढच्या प्लेटला होते.