मठाच्या लायब्ररीत नवीन लागलायस ना, मग हे ऐक

लगेच कॉम्प्युटरच्या मागं लागू नको बाबा, आधी कपाटं उघडून बघ. महानुभाव पोथ्या असतील तर काही सकळ लिपीत, म्हणजे पंथाच्या सांकेतिक गुप्त लिपीत असतात, ती वाचणारे म्हातारे महंत आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून निदान पोथ्यांची नावं तरी लिहून घे, ते गेल्यावर कोण सांगणार रे? पोथीला लॅमिनेशन, सेलोटेप अजिबात नको, सुती कापडात बांध अन् पावसाळ्यात ओल्या भिंतीपासून लांब ठेव, आमच्याकडं दोन बस्ते कसरीनं खाल्ले, अजून जीव तुटतो. ड्युईत, म्हणजे पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावायच्या पद्धतीत, हिंदू धर्म सगळा २९४.५ मधी, तिथं नुसती गर्दी होते, म्हणून पंथाप्रमाणं पोटभाग पाड. लायब्ररीच्या नोंदी ठेवायचं कोहा सॉफ्टवेअर फुकट आहे, पण पगारी माणूस मिळत नसतोय, वाचायला यायलेत त्या पोरांनाच नोंदी करायला शिकव.