तारीख टॉकची नाही, पीडीएफची बघा

तुमची पोस्ट वाचताना मधल्याच एका ओळीवर अडकले. फंक्शनल नॅनोमटेरियल्स आणि सुप्रामॉलिक्युलर केमिस्ट्रीच्या (रेणू एकमेकांना कसे धरून ठेवतात, त्याचं शास्त्र) आंतरराष्ट्रीय परिषदेत पहिल्यांदाच टॉक मिळालाय, स्लाइड किती ठेवू, मोठ्या लोकांशी बोलायला सुरुवात कशी करू, हे सगळं तुम्ही विचारलंय. आणि मध्येच सहज लिहिलंय, 'पेटंटचा अर्ज परिषदेच्या दोन दिवस आधी टाकू असं सर म्हणाले आहेत.' स्लाइडबद्दल वर चांगली उत्तरं आली आहेत, निमंत्रणपत्र, व्हिसा वगैरे तुम्ही बघितलंच असेल. मी फक्त त्या एका वाक्याबद्दल लिहिते, कारण माझं नेमकं तिथेच बुडालं.

आधीच सांगते, मी केमिस्ट आहे, पेटंटवाली नाही. नियम देशागणिक बदलतात. निर्णय जाणकाराला विचारूनच घ्या.

आमचं काम सोन्याच्या नॅनोकणांवर बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन, म्हणजे मध्ये पोकळी असलेला साखरेचा कड्यासारखा रेणू, बसवण्याचं. दोन्ही टोकांनी पोकळीत शिरू शकणारा पाहुणा रेणू आला की तो दोन कणांमध्ये पूल बांधणार, कण जवळ येणार, प्रकाश शोषणारा ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा पट्टा लांब तरंगलांबीकडे सरकणार आणि लाल द्रावण जांभळं होणार. कागदावर सोपं. प्रत्यक्षात कित्येक महिने एकतर काहीच व्हायचं नाही, नाहीतर सगळं काळं होऊन तळाशी बसायचं. पृष्ठभागावर सायक्लोडेक्स्ट्रिनची इतकी दाटी झाली होती की पाहुण्याला शिरायलाच जागा नव्हती. मध्ये आखूड थायॉल (सोन्याला चिकटणारा गंधकयुक्त रेणू) मिसळून जागा मोकळी केली आणि दोघांच्या एका ठरावीक गुणोत्तराला क्युव्हेटमधला, म्हणजे मोजणीच्या छोट्या पारदर्शक भांड्यातला, लाल रंग डोळ्यांदेखत जांभळा झाला, आणि तसाच टिकला. आमचा शोध म्हणजे ते गुणोत्तर. बाकी सगळं आधीच छापून आलेलं होतं.

आणि ते गुणोत्तर मी अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे परिषदेला पाठवायच्या सारांशात, लिहिलं. मर्यादा २५० शब्दांची, माझे दहा-बारा शब्द उरले होते. वाटलं, आकडा दिला की निवड करणाऱ्यांना काम ठोस वाटेल. वाटलंही असावं, टॉक मिळाला.

पेटंटचा फॉर्म आमच्या संस्थेच्या संबंधित कक्षात मी तीन महिने आधी दिला होता. पहिल्यांदा परत आला, कारण 'बाजारातील शक्यता' हा रकाना रिकामा होता. दुसऱ्यांदा परत आला, कारण सहसंशोधकाची सही चुकीच्या रकान्यात होती. तिसऱ्यांदा मीच फोन केला, तर उत्तर मिळालं, 'परिषदच आहे ना, पेपर तर नाही ना? आदल्या दिवशी टाकला तरी चालतो.' हे लेखी मागायला हवं होतं, नाही मागितलं. शेवटी अर्ज शुक्रवारी दाखल झाला, परिषद सोमवारी सुरू होणार होती. वाटलं, सुटलो.

आयोजकांनी मात्र अ‍ॅब्स्ट्रॅक्टची पुस्तिका अर्जाच्या ११ दिवस आधीच संकेतस्थळावर चढवली होती. कुणालाही उघडता येईल अशी साधी पीडीएफ. सगळ्यात जिव्हारी लागतं ते हे, की ती मी स्वतः फोनवर उतरवून घेतली होती. आडनावाचं स्पेलिंग बरोबर छापलंय ना एवढं बघितलं आणि बंद केली.

पुढे युरोपचा शोध अहवाल आला, म्हणजे असं काही आधीच प्रसिद्ध झालंय का ते तपासणारा अहवाल. त्यात एका संदर्भासमोर 'एक्स' होता, म्हणजे तो एकटाच नावीन्य किंवा कल्पकता खोडायला पुरेसा आहे असं परीक्षकाचं मत. संदर्भ कुठला, तर माझाच अ‍ॅब्स्ट्रॅक्ट. युरोपात अर्जाच्या तारखेआधी लोकांसमोर आलेली कुठलीही गोष्ट, लेखी असो वा तोंडी, जुनी धरली जाते, स्वतः संशोधकानेच सांगितलेली असली तरी. सवलत आहे, पण फार अरुंद, आणि नेहमीची परिषद तीत बसत नाही. अमेरिकेत स्वतःच्या प्रकटीकरणाला १२ महिन्यांची मुभा असल्याने तिथला अर्ज तगला. जपानमध्येही २०१८ पासून वर्षाची मुदत आहे, पण ती अर्ज करतानाच मागावी लागते.

नुसतं 'रंग बदलतो' एवढंच लिहिलं असतं तर निदान भांडायला जागा होती, कारण वाचणाऱ्याला तेवढ्यावरून ते करून बघता आलं नसतं. आकड्याने कृतीच हातात दिली. कक्षाला हे कळवलं तर म्हणे, पुस्तिकेचं तुम्ही आधी सांगायला हवं होतं. यावर मी काय बोलणार!

तर तुम्ही आजच आयोजकांना मेल करा. पुस्तिका नेमकी कधी चढणार आणि तोवर मजकूर बदलता येईल का, दोन्ही विचारा. शीर्षकाने सहसा बिघडत नाही, कृती उघड करणारं शीर्षक असेल तर मात्र तेही बदलून घ्या. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता पहिला अर्ज, टाकणार असाल तर घाईत दोन पानं खरडून टाकू नका. त्यात जे लिहिलंय त्यालाच ती तारीख मिळते. आमचं गुणोत्तर एकाच आकड्यावर होतं, तुम्ही पल्ला द्या, आणि त्याला आधार देणारे प्रयोगही. अर्ज दाखल होईपर्यंत कॉफीच्या टेबलावरही तोंड आवरा. 'किती प्रमाणात मिसळलंत?' हा प्रश्न निरागसच असतो, उत्तर नसतं. असं लपवणं विज्ञानाला शोभत नाही म्हणणारे भेटतील. मला ते पटत नाही. आधी अर्ज, मग सगळं खुलं, यात काहीच लपत नाही. अर्थात तुमच्या कामात पेटंट घेण्यासारखं काही नसेल तर हे सगळं सोडून द्या. बऱ्याच कामांत नसतं, आणि मग आकडे खुशाल द्या.

जाता जाता, टॉकचं एक. सुप्रामॉलिक्युलर मंडळींचा पहिला प्रश्न बाइंडिंग कॉन्स्टंटचाच असतो, म्हणजे पाहुणा पोकळीत किती घट्ट बसतो याचा. नुसत्या जॉब प्लॉटवरून (दोन रेणू कुठल्या प्रमाणात जुळतात ते दाखवणारा आलेख) १:१ म्हणू नका, पूर्ण टायट्रेशनचं, म्हणजे पाहुणा थोडा थोडा घालत घेतलेल्या मोजमापांचं, फिटिंग आणि उरलेल्या चुकांचा आलेख शेवटच्या स्लाइडमागे तयार ठेवा. आणि सोन्याचे कण असतील तर पाहुण्याशिवाय, तेवढंच मीठ घातलेला नमुनाही दाखवा. नुसत्या मिठानेही कण गोळा होऊन जांभळे होतात. मला हे मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं होतं, 'मीठ टाकून बघितलंत का?' नशिबाने बघितलं होतं.

आयोजकांचं उत्तर आलं की तारीख इथेच लिहा. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मात्र इथे चिकटवू नका.