चर्चचं पेज चार दिवस चालतं आणि मग बंद पडतं, काय करू?

प्रश्न: ताई, सलाम. आमची चर्चची मंडळी अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, छोटीच, साठेक घरं. नाताळात पाळकसाहेबांनी (आमच्या धर्मगुरूंनी) फेसबुक आणि इन्स्टाग्रामचं काम माझ्याकडे दिलं. नाताळभर मी रोज पोस्ट टाकल्या, जानेवारीत रोज बायबलचं एक वचन आणि फुलांचा फोटो टाकला, मग ऑफिसचं काम वाढलं आणि सगळं थांबलं. आता कमिटीत विचारतात पेजचं काय झालं. रोज रोज काय टाकायचं तेच सुचत नाही.
– तरुण संघातली एक वाचक

उत्तर: सलाम गं. आधी ते रोजचं डोक्यातून काढून टाक, साठ घरांच्या मंडळीला आठवड्याला तीन पोस्ट भरपूर झाल्या, फक्त वार ठरलेले पाहिजेत. शुक्रवारी संध्याकाळी रविवारची माहिती टाक, उपासना किती वाजता, संदेश कोण देणार, उतारा कुठला. रविवारी दुपारी संदेशातला दोन मिनिटांचा व्हिडिओ. आणि बुधवारी मंडळीतलं काहीतरी, माणूस, वस्तू, काम. फुलांवरचं वचन सगळ्यांना सकाळी व्हॉट्सअॅपवर दहा ठिकाणांहून येतंच, तुझ्या चर्चचं जे आहे ते फक्त तूच टाकू शकतेस.

आमच्याकडे सगळ्यात जास्त लोकांनी बघितलेली पोस्ट म्हणजे एका आजींच्या गीतांच्या पुस्तकाचा फोटो. पानं पिवळी पडलेली, कडेला हळदीचं बोट उमटलेलं, पाठीला गोधडीच्या दोऱ्याने टाके घातलेले. पुण्या-मुंबईला गेलेली पोरं खाली लिहीत बसली की कुठलं गीत कुणाच्या घरी म्हणायचे, आणि त्या आजी गुडघ्यांमुळे सहा महिने चर्चला आल्या नव्हत्या, त्यांना नातीने सगळ्या कमेंट वाचून दाखवल्या. मला तर वाटतं पोस्ट करताना असंच कुणीतरी डोळ्यासमोर ठेवावं, जे येऊ शकत नाही ते.

वर्षाचं प्लॅनिंग तर तयारच असतं आपल्याकडे. आगमनकाळ, नाताळ, राखेचा बुधवार, झावळ्यांचा रविवार, शुभ शुक्रवार, ईस्टर, पेन्टेकॉस्ट. एवढं वहीत लिहून काढ, फक्त दरवर्षी तारखा बघ, ईस्टर 2026 ला 5 एप्रिलला आणि 2027 ला 28 मार्चला, म्हणजे मागच्या वर्षीची पोस्ट तशीच उचलली तर आठवडाभर चुकशील. मग आपल्या लोकांचे दिवस, 23 एप्रिल पंडिता रमाबाईंचा जन्मदिवस, 9 मे आपली गीतं लिहिणारे कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा स्मृतिदिन, ते तर तुमच्याच नगर-राहुरीकडे राहिलेले. आणि तुमच्या चर्चच्या कोनशिलेवर तारीख असेल तर तोही दिवस.

टिळक 1919 ला गेले, त्यामुळे त्यांच्या गीतांचे शब्द बिनधास्त टाकता येतात, पण दुसऱ्या कुणी केलेलं रेकॉर्डिंग मागे लावलंस तर फेसबुक आवाज बंद करू शकतं. आपल्याच क्वायरचं लाव, थोडं बेसूर असलं तरी चालेल, आपले लोक ओळखतात आवाज. आणि फेसबुक लाइव्ह आता 30 दिवसांनी डिलीट होतं म्हणून संदेश लगेच उतरवून ठेव.

आता एक गोष्ट फार जपून कर. मी एकदा मंडळीतल्या एका बहिणीच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना करा म्हणून तिचं नाव आणि आजार लिहून पोस्ट टाकली होती. तिने घरात अजून कुणाला सांगितलेलंच नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिला फोनवर फोन, मी पोस्ट काढली पण तोवर स्क्रीनशॉट फिरले होते. घरी जाऊन माफी मागितली, तिने चहा ठेवला पण बराच वेळ बोलली नाही, आजही ते आठवलं की मला त्रास होतो. म्हणून प्रार्थना विनंती पेजवर नावासकट कधीच नाही, ती पाळकसाहेबांकडे जाऊ दे. शब्बाथ शाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या शाळेच्या, मुलांचे फोटो आई-वडिलांना विचारून, आणि बाप्तिस्म्याचा फोटो त्या माणसाने स्वतः हो म्हटल्याशिवाय अजिबात नको, कुणाच्या घरी, गावात काय परिस्थिती असते आपल्याला माहीत नसतं.

काम एकटीने ओढू नकोस. महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपासनेनंतर तासभर दोघंतिघं बसा, मेटा बिझनेस सूटमध्ये (फेसबुक-इन्स्टाग्रामचंच अॅप) पुढच्या चार आठवड्यांच्या पोस्ट शेड्यूल करून टाका, ते फुकट आहे आणि मोबाइलवर चालतं. पेजचे हक्क आणखी एकाला दे, तुझी नोकरी आहेच. मेसेजला मात्र त्याच दिवशी उत्तर जाऊ दे, गावात नवीन आलेलं कुणीतरी उपासनेची वेळ विचारत असतं.

आणि मंडळीत कुणी वारलं तर सगळ्यात आधी शेड्यूल केलेल्या पोस्ट थांबव. घरचे अंत्यविधीची वेळ बघायला पेज उघडतात, तेव्हा वर पिकनिकचं पोस्टर दिसायला नको.