सुपारी, पडलेला दात आणि सहीचा कागद

प्रश्न : मिस्टर पंधरा वर्षं सुपारी खातात, तंबाखू अजिबात नाही. आता तोंड उघडत नाही, साध्या आमटीनेही आग होते. डेंटल कॉलेजमध्ये संशोधनात भाग घ्या म्हणाले. आमच्यावर प्रयोग तर होणार नाही ना? (हडपसर)

ताई, प्रयोगच आहे तो, पण तुम्हाला विचारून केलेला. हे लक्षण सबम्युकस फायब्रोसिसचं दिसतं. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाच्या आतलं अस्तर पांढरट, चिवट होत जातं. गालावरून आतून बोट फिरवलं की सुतळीसारखे ताठ पट्टे लागतात. आपली स्वतःची तीन बोटं उभी तोंडात मावायला हवीत, म्हणजे साधारण ४० मिलिमीटर. माझ्याकडे येणारे बरेच जण मात्र पाणीपुरी जाईनाशी झाली तेव्हाच येतात. तंबाखू नाही म्हणून निर्धास्त राहू नका. निव्वळ सुपारीही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात स्पष्ट म्हटलं आहे. आजच बंद करायला सांगा.

आता संशोधनाचं. गालात स्टेरॉइडची इंजेक्शनं, टोमॅटोतलं लायकोपीन, तोंडाचे व्यायाम, या सगळ्यांचे अभ्यास झालेत. काहींनी आराम पडतो, तोंड थोडं जास्त उघडतं. अस्तर पूर्वीसारखं करणारं औषध मात्र अजून हाती नाही. म्हणूनच चाचण्या लागतात. कोणत्या गटाला काय द्यायचं हे बहुधा चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, डॉक्टरांच्या मर्जीने नाही. सहीचा कागद मराठीत मागा, घरी आणून वाचा, एक प्रत स्वतःकडे ठेवा. संशोधनात भाग घेणाऱ्यांच्या हिताकडे बघणाऱ्या नीतिमत्ता समितीचा फोन त्यावर असतो. सीटीआरआय, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांकही विचारून घ्या. मधेच बाहेर पडता येतं, त्याने नेहमीचे उपचार थांबत नाहीत. नव्या औषधाची चाचणी असेल, तर तिच्यामुळे झालेल्या इजेचे उपचार मोफत मिळतात. २०१९ च्या नियमांत तशी तरतूद आहे. यातलं काही विचारल्यावर कोणी वैतागलं, तर सही करू नका.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा. क्रिकेट खेळताना पुढचा दात मुळासकट पडला. रुमालात गुंडाळून नेला, तरी डॉक्टर म्हणाले उशीर झाला. काय चुकलं? (कोथरूड)

दोष तुमचा नाही, हे कोणी सांगितलेलंच नसतं. मुळावरच्या नाजूक पेशी कोरड्या रुमालात तासाभरात मरतात. पक्का दात असेल तर वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, घाण असेल तर क्षणभर धुवावा, न घासता जागेवर बसवावा आणि रुमाल चावून धरायला सांगावं. नाही जमलं तर थंड दुधात बुडवून लगेच दवाखाना गाठावा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

यावर चाचणी करता येत नाही. मुलांचे दात मुद्दाम वाळत कोण ठेवील? डेन्मार्कच्या येन्स अँड्रियासेन यांनी पुन्हा बसवलेल्या ४०० दातांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं आणि १९९५ मध्ये निष्कर्ष मांडले. घड्याळाकडे बघा, असं आम्ही म्हणतो ते अशा चिकाटीच्या नोंदींमुळे. मुलाच्या दाताचे पुढचे उपचार थांबवू नका, त्याचा जबडा अजून वाढतोय.

प्रश्न : अर्धं हेल्मेट चालेल का? (सिंहगड रस्ता)

नाही. कवटी झाकते, हनुवटी उघडी राहते. पूर्ण चेहऱ्याचंच घ्या. पडल्यावर दात नेहमीसारखे जुळत नसतील किंवा खालचा ओठ बधिर वाटत असेल, तर जबडा मोडला असण्याची शक्यता आहे. त्याच दिवशी एक्स-रे काढा.